दिवाणजी उठला, पहारा कोणाचा? : व्हर्च्युअल मशीनला खरं उपकरण देण्याचा इतिहास



मागच्या व्याख्यानात आपण व्हर्च्युअल मशीनची जन्मकथा पाहिली. एका खऱ्या संगणकाच्या पोटात पाच-दहा आभासी संगणक कसे नांदतात आणि प्रत्येकाला 'हे यंत्र माझ्या एकट्याचंच' असं कसं वाटत राहतं, ते पाहिलं. व्याख्यान संपल्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता : त्या आभासी संगणकाला खरं ग्राफिक्स कार्ड, खरं नेटवर्क कार्ड देता येतं का? उत्तर सोपं आहे. देता येतं, त्याला पासथ्रू म्हणतात. पण ते निर्धास्तपणे देता यायला साधारण चाळीस वर्षं जावी लागली. आज आपण बोलणार आहोत ते त्या चाळीस वर्षांबद्दल, आणि त्यानंतर निघालेल्या भानगडींबद्दल.

आधी तीन शब्द पक्के करून घेऊ. खरा संगणक तो होस्ट. त्याच्या आत चालणारा आभासी संगणक तो गेस्ट. आणि मध्ये बसून सगळ्यांना वाटण्या करून देणारा प्रोग्राम तो हायपरव्हायजर. जुन्या वाड्याच्या भाषेत सांगायचं तर होस्ट हा वाडा, गेस्ट ही बिऱ्हाडं आणि हायपरव्हायजर हा मालकाचा दिवाणजी.

आता या वाड्यात एक हमाल आणू. हमाल म्हणजे आपलं नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर किंवा ग्राफिक्स कार्ड. ही उपकरणं प्रत्येक वस्तू प्रोसेसरच्या हातात आणून देत नाहीत. प्रोसेसर त्यांना फक्त चिठ्ठी देतो : मेमरीच्या अमुक पत्त्यावर माल ठेव. मग कार्ड स्वतःच मेमरीत शिरून माल ठेवतं. याला डीएमए म्हणतात. प्रोसेसर मोकळा राहतो, काम झटपट होतं.

पण अडचण बघा. प्रत्येक बिऱ्हाड आपल्या खोल्या एकपासून मोजतं. गेस्ट चिठ्ठीत लिहितो, 'तीन नंबरच्या खोलीत ठेव.' त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असतं. हमालाला मात्र बिऱ्हाडाचे आकडे ठाऊक नाहीत, त्याला वाड्याचे आकडे ठाऊक. तो सरळ वाड्याच्या तीन नंबरच्या खोलीत जातो. ती खोली दुसऱ्याच बिऱ्हाडाची असते, नाहीतर खुद्द दिवाणजीची. आणि हा हमाल दार वाजवत नाही. असेल ते बाजूला सारून माल ठेवतो.

म्हणून दिवाणजीला दोन कामं करावी लागत. एक, चिठ्ठीतला आकडा बदलून वाड्याचा आकडा लिहायचा. दोन, ती खोली खरोखर त्याच बिऱ्हाडाची आहे ना, हे पाहायचं. पहिलं काम भाषांतराचं, दुसरं पहाऱ्याचं. पासथ्रू म्हणजे दिवाणजीला मधून उठवणं. तो उठला की वेग वाढतो, पण ही दोन्ही कामं बेवारस होतात. आजचा सगळा इतिहास म्हणजे या बेवारस कामांना वारस शोधण्याचा इतिहास आहे. एवढं सूत्र धरून ठेवलं, तर पुढचे सगळे तपशील आपोआप जागेवर बसतात.

सुरुवात होते ती अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी. तिथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीसी यांच्या गटाने सीपी-४० नावाची प्रणाली बांधली. १९६७ च्या सुरुवातीला ती रोजच्या कामाला लागली. पाठोपाठ सीपी-६७ आली आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली. त्या काळी उपकरणं म्हणजे कार्ड वाचणारी यंत्रं, प्रिंटर, डिस्क आणि टेप. यांतली बहुतेक वाटून घेता येत. एका मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येक गेस्टला छोटी डिस्क मिळे. छापायचे कागद रांगेत साठवून एकामागून एक छापले जात. टेपचं मात्र तसं जमत नाही. ज्याची टेप त्याच्याच ताब्यात तो ड्राइव्ह असायला हवा. म्हणून ऑपरेटर 'अटॅच' ही आज्ञा देऊन अख्खा टेप ड्राइव्ह एकाच गेस्टच्या नावावर करत असे. खरं उपकरण गेस्टला देण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

पण नीट बघा, इथे उपकरण गेस्टचं झालं तरी चिठ्ठ्या दिवाणजीच्याच हातून जात होत्या. गेस्टने लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीची हायपरव्हायजर नक्कल करी, तिच्यातले पत्ते बदली, काम होईपर्यंत मेमरीची ती पानं हलू नयेत म्हणून जखडून ठेवी, आणि मगच ती खऱ्या यंत्रणेला देई. काम सुरक्षित होतं, पण वेळखाऊ. मोठमोठ्या प्रणाली गेस्ट म्हणून चालवणाऱ्यांना हा उशीर डाचू लागला.

त्यावर आयबीएमने काढलेला तोडगा मोठा मजेशीर होता. एका गेस्टला मेमरीत अशा जागी बसवायचं की त्याचे आकडे आणि वाड्याचे आकडे जवळपास जुळतील. याला ते 'व्हर्च्युअल बरोबर रिअल' म्हणत. आकडे जुळले की भाषांतराची गरज उरत नाही, म्हणून या गेस्टपुरतं भाषांतर बंद ठेवायची सोय दिली गेली. वेग मिळाला. पण व्हीएम/३७० मध्ये असा मान एकाच गेस्टला देता येई, कारण वाड्याची खरी सुरुवात एकच असते. आणि दुसरं म्हणजे, भाषांतर थांबलं तसा पहाराही थांबला. त्या गेस्टने चिठ्ठीत भलताच पत्ता लिहिला, तर अडवणारं कोणी नव्हतं.

मग लोकांनी हे चालवून कसं घेतलं? कारण तो गेस्ट परका नव्हता. यंत्र ज्या संस्थेचं, त्याच संस्थेचं मुख्य कामकाज त्या गेस्टमध्ये चाले. घरच्याच माणसाकडे तिजोरीची किल्ली दिली, असा तो मामला. पहाऱ्याचं काम तेव्हा विश्वासाने केलं, यंत्राने नाही.

आयबीएमने पुढे १९८८ मध्ये पीआर/एसएम आणून मोठ्या यंत्राचे कायमचे विभाग पाडायची सोय केली. सुरुवातीला उपकरणांकडे जाणारी प्रत्येक वाहिनी एकाच विभागाची असे. पुढे १९९० च्या दशकात एकच वाहिनी अनेक विभागांना आपापली वाटावी, अशी सोय हार्डवेअरमध्येच आली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पीसीच्या जगात त्याचा पुनर्जन्म होणार आहे.

आता आपण या मोठ्या यंत्रांकडून टेबलावरच्या पीसीकडे येऊ. १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाजारात आलं आणि साध्या पीसीवर गेस्ट चालू लागले. पण त्यांना खरी उपकरणं दिलेली नव्हती. नेटवर्क कार्ड म्हणून गेस्टला दिसे ते एएमडीचं एक जुनं, सर्वांना परिचित असं कार्ड, आणि तेही सॉफ्टवेअरने केलेलं सोंग. गेस्ट त्या सोंगाशी बोले, दिवाणजी ते ऐकून खऱ्या कार्डाशी बोले. सोय उत्तम होती. गेस्ट कुठल्याही पीसीवर न्या, त्याला तेच कार्ड दिसणार. पण प्रत्येक बोलण्यात गेस्टला थांबवून दिवाणजीला उठवावं लागे, आणि प्रोसेसरची बरीच ताकद या उठाबशांतच खर्च व्हायची.

२००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन हा हायपरव्हायजर आला. त्याने गेस्टला सरळ सांगून टाकलं की बाबा रे, तू आभासी आहेस, तेव्हा सोंगं बाजूला ठेवू आणि आपसात ठरलेल्या थोडक्या भाषेत बोलू. त्यामुळे वेग वाढला. पण झेनचा खरा वेगळेपणा दुसरीकडेच होता. पहिल्या आवृत्तीनंतर त्याच्या हायपरव्हायजरमध्ये नेटवर्क कार्ड आणि डिस्कचे ड्रायव्हर जवळपास उरलेच नाहीत. ती सगळी उपकरणं 'डोमेन झिरो' नावाच्या एका विशेष गेस्टच्या हवाली केलेली होती. म्हणजे पासथ्रू हा इथे अपवाद नव्हता, तर मांडणीचा पाया होता. २००४ मध्ये याच गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं : प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर वेगळ्या गेस्टमध्ये कोंडायचा, म्हणजे एक ड्रायव्हर कोसळला तरी बाकीचा वाडा उभा राहील. जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनीही त्याच वर्षी अशाच दिशेचं काम मांडलं.

कल्पना सुरेख होती, पण त्या वेळच्या पीसीत एक भगदाड होतं. ड्रायव्हर कोंडला गेला, हमाल नाही. त्या गेस्टमधून कार्डाला चुकीची चिठ्ठी गेली, तर कार्ड अजूनही मेमरीत कुठेही लिहू शकत होतं. हा धोका किती खरा आहे, ते त्याच वर्षी दिसलं. मॅक्सिमिलियन डॉर्नझाइफ या जर्मन संशोधकाने फायरवायरच्या तारेने आयपॉड जोडून चालू संगणकाची मेमरी वाचता आणि बदलता येते, हे दाखवून दिलं. पासवर्ड लागला नाही, प्रोसेसरला पत्ताही लागला नाही. हमालाला कोणी अडवत नव्हतं, एवढंच कारण.

तेव्हा पहारा सॉफ्टवेअरमध्ये परत आणला तर वेग जातो, आणि आणला नाही तर वाडा उघडा पडतो. वाट एकच उरली. पहारेकरी हार्डवेअरमध्येच बसवायचा, हमाल आणि खोल्या यांच्या मध्ये. या पहारेकऱ्याचं नाव आयओएमएमयू. त्याच्याकडे प्रत्येक उपकरणाच्या नावाची एक वही असते. उपकरण अमुक गेस्टला दिलं, की हायपरव्हायजर त्या वहीत लिहून ठेवतो : या गेस्टची एक नंबरची खोली म्हणजे वाड्याची अमुक खोली. मग कार्ड मेमरीकडे निघालं की पहारेकरी वही उघडतो, आकडा बदलून देतो, आणि आकडा वहीत नसेल तर परत पाठवतो. भाषांतर आणि पहारा, दोन्ही कामांना एकदम वारस मिळाला.

कल्पना तशी नवी नव्हती. सन कंपनीच्या स्पार्क वर्कस्टेशनमध्ये उपकरणांचे पत्ते बदलून देणारी अशी रचना बऱ्याच आधीपासून होती. पण पीसीच्या जगात, व्हर्च्युअल मशीन डोळ्यांसमोर ठेवून ती आली २००६ मध्ये. एएमडीने आपल्या आयओएमएमयूचा आराखडा प्रसिद्ध केला आणि इंटेलने व्हीटी-डी आणलं. सीपी-४० पासून मोजा, चाळीस वर्षं होतात. लिनक्सच्या केव्हीएममध्ये या आधारावर उपकरण देण्याची सोय २००८ च्या अखेरीस आली आणि २००९ मध्ये व्हीएमवेअरने 'व्हीएमडायरेक्टपाथ' नावाने ती दिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण पहारेकऱ्याला एक गोष्ट शिकवायची राहून गेली होती.

उपकरण माल ठेवतं, तसं काम झालं की प्रोसेसरला हाकही मारतं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. जुन्या काळी त्यासाठी वेगळी तार असे. नव्या उपकरणांत मात्र मेमरीतल्या एका ठरावीक पत्त्यावर लिहिलं की हाक गेली, अशी पद्धत आली. म्हणजे हाकसुद्धा मालाच्याच वेषात येऊ लागली. २०११ मध्ये राफाल वोय्त्चुक आणि जोआना रुटकोव्स्का या पोलंडच्या संशोधकांनी दाखवलं की ज्या गेस्टला खरं उपकरण दिलं आहे, तो त्या उपकरणाकरवी त्या खास पत्त्यावर लिहवून प्रोसेसरला खोट्या हाका मारू शकतो आणि त्या आडून थेट हायपरव्हायजरवर हल्ला करू शकतो. पहारेकरी मालाची झडती घेत होता, हाकेची नाही.

उपाय होता : हाकांचीही वेगळी वही ठेवायची. त्याला इंटरप्ट रीमॅपिंग म्हणतात. पण आधीच विकलेल्या काही यंत्रांत ती सोय नव्हतीच. लिनक्सने मग ठरवलं की अशा यंत्रावर उपकरण द्यायचं नाही. ज्याला हट्टच असेल, त्याने 'अलाउ अनसेफ इंटरप्ट्स' नावाचा पर्याय स्वतः चालू करावा. म्हणजे असुरक्षित हाकांना माझी परवानगी आहे, असं स्वतःच्या हाताने लिहून द्यावं. पर्यायाच्या नावातच इशारा ठेवण्याची ही रीत आम्हाला फार आवडते.

रुटकोव्स्का यांनी नुसती भोकं दाखवली नाहीत, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने क्यूब्ज ही प्रणाली लोकांच्या हाती दिली. तिच्यात पासथ्रू वापरला आहे तो उलट्या हेतूने. नेटवर्क कार्ड एका वेगळ्या गेस्टला द्यायचं, पण ते त्याला वेग मिळावा म्हणून नाही, तर बाहेरच्या जगाशी बोलणारं कार्ड आपल्या कागदपत्रांपासून दूर कोंडलेलं राहावं म्हणून.

आता आमची एक फजिती सांगतो. एका जुन्या सर्व्हरवर आम्ही घरून लॉगिन करून बसलो होतो. त्यात दोन तोंडांचं एक नेटवर्क कार्ड होतं. विचार असा की एक तोंड गेस्टला देऊ, दुसरं होस्टकडे ठेवू. प्रणाली म्हणाली, एकट्याला देता येत नाही, दोघं एकाच गटातले आहेत. रात्र झाली होती, घाई होती. आम्ही म्हटलं, ठीक आहे, दोन्ही दे. आज्ञा दिली आणि पडदा गोठला. ज्या तारेवरून आम्ही बोलत होतो, तीच तार देऊन बसलो होतो. सकाळी स्वतः जाऊन बटण दाबावं लागलं.

तो गट म्हणजे काय, हे त्या रात्री चांगलंच कळलं. काही उपकरणं आतल्या आत एकमेकांशी बोलू शकतात. वाड्यात दोन खोल्यांच्या मध्ये आतून दार असावं, तसं. त्या दारातून गेलेला माल चौकातल्या पहारेकऱ्याला दिसतच नाही. म्हणून ज्यांच्यातल्या दाराला कुलूप असल्याची खात्री नाही, अशी सगळी उपकरणं लिनक्स एका गटात बांधतं आणि म्हणतं, द्यायचा तर अख्खा गट द्या. २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.६ आवृत्तीत आलेल्या व्हीएफआयओ या चौकटीने हा नियम पक्का केला. लोकांना तो जाचक वाटला. दारं बंद आहेत असं खोटंच मानायला लावणारं एक ठिगळ निघालं, ते आजही फिरतं. मुख्य लिनक्समध्ये ते कधी घेतलं गेलं नाही. घरी एकट्याच्या यंत्रावर ते चालूनही जाईल, पण शेजारी परका गेस्ट असेल तर तो स्वतःहून ओढवलेला धोका आहे.

आणि शेजारी परका असणं, हेच आता नेहमीचं झालं आहे. २०१० मध्ये ॲमेझॉनने भाड्याच्या गेस्टमध्ये प्रत्येकी दोन एनव्हिडिया टेस्ला एम२०५० कार्डं देऊ केली. पण प्रत्येक गेस्टला अख्खं कार्ड द्यायचं म्हटलं, तर सर्व्हरमध्ये खाचा पुरणार कुठून? त्याचं उत्तर २००७ मध्येच कागदावर आलं होतं. पीसीआय-सिग या संस्थेने एसआर-आयओव्ही नावाचं मानक काढलं. एकच कार्ड स्वतःला अनेक छोट्या कार्डांसारखं मांडतं आणि प्रत्येक छोटं कार्ड वेगळ्या गेस्टला देता येतं. इंटेलच्या ८२५७६ या कार्डाच्या एका तोंडातून अशी आठ निघत. आयबीएमच्या सामाईक वाहिनीचा हा पुनर्जन्म. ॲमेझॉनने २०१३ मध्ये नेटवर्कसाठी ही वाट धरली आणि २०१७ मध्ये नायट्रो नावाच्या स्वतःच्या कार्डांवर नेटवर्क आणि डिस्कचं बहुतेक काम सोपवलं. आज मुंबईत डेटा ठेवून धंदा करणारा एखादा छोटा उद्योजक असा गेस्ट भाड्याने घेतो. त्याच्या शेजारच्या खोलीत कोण आहे, हे त्याला कधीच कळत नाही. आयबीएमच्या काळी ज्या विश्वासावर भागलं, तो इथे उपयोगाचा नाही.

घरगुती वापरातही मजा झाली. लिनक्सवर काम करणारी आणि खेळायला विंडोज लागणारी मंडळी आपलं ग्राफिक्स कार्ड विंडोजच्या गेस्टला देऊ लागली. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा ड्रायव्हर मात्र आपण गेस्टमध्ये आहोत असं कळताच काम थांबवी आणि विंडोज 'कोड ४३' अशी चूक दाखवी. मग लोक हायपरव्हायजरची ओळख लपवू लागले. गेस्टला तू आभासी आहेस हे कळू न देण्याची ही धडपड, कार्ड पूर्णपणे खरं असताना! अखेर २०२१ मध्ये कंपनीने हा वापर अधिकृतपणे मान्य केला.

शेवटी किमतीबद्दल बोलू, कारण पासथ्रू फुकट नाही. खरं उपकरण दिलं की गेस्टची सगळी मेमरी जखडून ठेवावी लागते. हमाल कधी कुठल्या खोलीत शिरेल ते सांगता येत नाही, मग खोली हलवणार कशी? थोडी मेमरी अनेकांत फिरवून वापरण्याची युक्ती तिथे संपते. दुसरं, चालू गेस्ट उचलून दुसऱ्या होस्टवर नेण्याची सोय जाते, कारण खरं कार्ड सोबत नेता येत नाही. कार्डाची आतली अवस्थाच उचलून नेण्याची रीत लिनक्समध्ये २०२२ च्या सुमारास मोजक्या कार्डांसाठी आली. आणि तिसरं, बिऱ्हाड बदललं की खोली झाडून द्यावी लागते. एका गेस्टकडून परत घेतलेलं कार्ड पूर्ण कोरं केल्याशिवाय दुसऱ्याला देणं म्हणजे आधीच्याचे कागद नव्याच्या हाती देणं. सगळीच कार्डं नीट कोरी होत नाहीत, हे ज्यांनी काही ग्राफिक्स कार्डांशी झटापट केली आहे त्यांना ठाऊक आहे. होस्ट पुन्हा सुरू केल्याशिवाय ती ताळ्यावर येत नाहीत.

तेव्हा मंडळी, घरी किंवा कचेरीत गेस्टला उपकरण देण्याआधी चार गोष्टी पाहा. आयओएमएमयू चालू आहे का? हाकांची वही आहे का? त्या गटात आणखी कोण बांधलेलं आहे? आणि परत घेतल्यावर ते कार्ड कोरं होतं का? चारांतल्या एकाचं जरी उत्तर 'माहीत नाही' असं आलं, तर तुम्ही १९७२ च्या वाड्यात आहात. तिथे घरच्या माणसाला किल्ली द्यायला हरकत नाही. परक्याला मात्र देऊ नका.

आणि हो, रात्री उशिरा घरून लॉगिन करून हे काम करू नका. त्याचं कारण आता तुम्हाला सांगायला नको.